सांध्यात सुटे तुकडे सापडले तर: सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिसचं निदान, पायरी-पायरीने

रिपोर्टवर 'लूज बॉडीज' हे शब्द दिसले की घरात लगेच ऑपरेशनची चर्चा सुरू होते. तुकडे किती आहेत, दुर्बिणीतून निघतील का, किती दिवस घरी बसावं लागेल? हे प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. सांध्यात सुटा तुकडा आहे एवढं कळल्याने निदान होत नाही. तो तुकडा तिथे आला कुठून हे कळतं, तेव्हा निदान होतं. झिजलेल्या हाडाच्या कडेचा टवका उडालेला असू शकतो. जुन्या मारात हाडाच्या टोकावरच्या कूर्चेचा (कार्टिलेजचा) पापुद्रा सुटलेला असू शकतो. किंवा सांध्याचं अस्तर स्वतःच कूर्चेच्या गाठी तयार करत असू शकतं. या शेवटच्या प्रकाराला सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस म्हणतात. प्रत्येकाचे उपचार निराळे आणि पुढची देखरेखही निराळी.

ज्यांच्या कानावर हे नाव पहिल्यांदाच पडलंय असे रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि या विषयाची नुकती तोंडओळख होत असलेले विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. फिल्म वाचणं आणि निर्णय घेणं हे डॉक्टरांचंच काम. पण कोणती तपासणी कशासाठी होते हे माहीत असलं की तुम्ही नेमका प्रश्न विचारू शकता, आणि या आजारात नेमक्या प्रश्नाने महिनोन्‌महिने वाचतात.

आधी आजार समजून घ्या

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्या आतल्या बाजूला पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम. वंगणासारखा द्राव बनवणं हे या अस्तराचं काम. सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिसमध्ये या अस्तराच्या आतच कूर्चेच्या बारीक गाठी धरू लागतात. त्या वाढतात, देठाने लोंबकळतात आणि तुटून द्रावात पडतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण द्रावातूनच होतं. त्यामुळे गाठ अस्तरापासून सुटली तरी मरत नाही, उलट द्रावात राहून मोठी होऊ शकते. पुढे तिच्यात कॅल्शियम साठतं आणि काही गाठींचं हाडही बनतं.

पूर्वी ही अस्तराची नुसती प्रतिक्रिया मानली जायची. अलीकडे अनेक रुग्णांच्या गाठींमध्ये एफएन१ आणि एसीव्हीआर२ए ही दोन जनुकं एकमेकांना जोडली गेल्याचं आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात हा आजार स्थानिक पातळीवर त्रास देणाऱ्या गाठींमध्ये धरला आहे. म्हणजे हा कर्करोग नाही, पण सांध्यात पसरू शकतो, हाड कोरू शकतो आणि काढल्यानंतर पुन्हा उद्भवू शकतो. 'गाठ' हा शब्द ऐकून घाबरून जाऊ नका, आणि 'कर्करोग नाही' हे ऐकून दुर्लक्षही करू नका.

अस्थिरोगतज्ज्ञ मिलग्राम यांनी १९७७ साली या आजाराच्या तीन अवस्था मांडल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. पहिल्या अवस्थेत गाठी फक्त अस्तरात असतात, सुटे तुकडे नसतात. दुसऱ्या अवस्थेत अस्तरातही गाठी आणि द्रावातही तुकडे. तिसऱ्या अवस्थेत अस्तर शांत झालेलं असतं, मागे राहतात ते सुटे तुकडे. या तीन अवस्था लक्षात ठेवा, कारण कोणती तपासणी काय दाखवेल हे बरंचसं अवस्थेवर ठरतं. पहिल्या अवस्थेतल्या माणसाचा एक्स-रे साफ असू शकतो आणि तरीही आजार सर्वात जागा असू शकतो.

पायरी १: तक्रार नीट लिहून काढा

'गुडघा दुखतो' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांसमोर शंभर शक्यता उभ्या राहतात. 'दोन वर्षांपासून उजवा गुडघा अधूनमधून अडकतो, हलवून हलवून सुटतो, आणि मग दोन दिवस सूज राहते' असं सांगितलं तर त्यातल्या बऱ्याच शक्यता आपोआप मागे पडतात. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी कागदावर लिहा.

सर्वात महत्त्वाचं, सांधा खरंच अडकतो का? खरं अडकणं म्हणजे एका ठरावीक कोनात सांधा थांबतो, पुढे सरळ होत नाही, आणि थोडं फिरवल्यावर एकदम मोकळा होतो. दुखतंय म्हणून स्नायू आखडून हालचाल थांबणं वेगळं, त्यात सांधा हळूहळू सैल होतो. पुढची गोष्ट, अडकण्याची जागा बदलते का? आज गुडघा वाकवताना अडकला, पुढच्या आठवड्यात सरळ करताना अडकला, असं होत असेल तर आत काहीतरी फिरतंय असा संशय येतो. फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, सहसा त्याच त्याच हालचालीला अडते. हा फरक पक्का नाही, पण उपयोगी आहे.

सांधा चाचपताना हाताला कधी काही टणक जाणवलं होतं का तेही लिहा. काही जणांना गुडघ्याच्या वाटीच्या वर किंवा बाजूला सरकणारी टणक गाठ जाणवते, दाबली की निसटते आणि दुसऱ्या दिवशी सापडत नाही. असं सांगितलं तर लोक भास म्हणतील असं वाटून पुष्कळजण ते बोलतच नाहीत. बोला. ही फार मोलाची माहिती आहे.

बाकी नोंदी थोडक्यात: त्रास कधी सुरू झाला, आधी मार लागला होता का, त्या सांध्याचं पूर्वी ऑपरेशन झालंय का, सकाळी किती वेळ आखडलेलं राहतं, इतर कुठले सांधे सुजतात का, ताप किंवा वजन घटणं आहे का. सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस बहुतेक वेळा एकाच सांध्यात असतो. दोन्ही हातांची बोटं, मनगटं आणि गुडघे एकदम सुजत असतील तर विचार दुसरीकडे, आमवाताकडे वळतो.

वय आणि सांधा यांवरूनही अंदाज येतो. हा आजार साधारण ३० ते ५० वर्षांच्या माणसांत जास्त दिसतो आणि पुरुषांत स्त्रियांच्या सुमारे दुप्पट. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो गुडघ्यात असतो, त्यानंतर खुबा, कोपर, खांदा आणि घोटा. जबड्याच्या सांध्यातही होतो आणि तिथे मात्र स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे. कानापुढची सूज आणि तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकणं अशी तक्रार असेल, तर ती लाळग्रंथीची गाठ समजली जाण्याचा धोका असतो.

पायरी २: तातडीचं काही नाही ना, हे बघा

सांधा लाल आणि गरम आहे, ताप आहे, पाय टेकवत नाही किंवा सांधा जराही हलवू देत नाही, अशी स्थिती असेल तर पुढचं वाचत बसू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो त्याच दिवशी बघावा लागतो. गुडघा अडकून बसला आणि सुटतच नाही, तरीही थांबू नका. स्वतः जोर लावून तो सरळ करायचा प्रयत्नही नको. सूज झपाट्याने वाढत असेल किंवा रात्री आराम करतानाही वेदना झोपू देत नसतील, तर रांगेतली तारीख घेण्यापेक्षा डॉक्टरांना हे आधी कळवा.

पायरी ३: हाताने तपासणी

चांगले डॉक्टर दोन्ही बाजूंचे सांधे तपासतात. नुसता दुखरा गुडघा बघून किती कमी वाकतो हे कळत नाही, बरा गुडघा हाच मोजमापाचा आधार असतो. त्यामुळे दोन्ही पाय मांडीपर्यंत उघडे करता येतील असे कपडे घाला.

गुडघ्यात पाणी आहे का हे दोन प्रकारे बघतात. पाणी बऱ्यापैकी असेल तर वाटीवर बोटाने दाब दिला की ती खाली टेकून पुन्हा वर येते. पाणी थोडं असेल तर ते एका बाजूने वर सारून दुसऱ्या बाजूने दाबतात आणि रिकामी झालेली बाजू पुन्हा भरते का ते पाहतात. मग हालचाल किती होते, हालवताना करकर लागते का, आणि वाटीच्या वरच्या कप्प्यात किंवा गुडघ्याच्या मागच्या लवणीत काही टणक लागतं का हे बघतात. मागच्या बाजूला बेकर्स सिस्ट नावाची पाण्याची पिशवी असली तर तुकडे तिच्यातही जाऊन बसलेले असू शकतात.

कोपरात पहिली खूण बहुतेक वेळा हात पूर्ण सरळ न होणं ही असते. करंगळीत मुंग्या येत असतील तर तेही सांगा, कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस दाबली जात असू शकते.

खुब्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिथे निदान फार रखडतं. खुबा खोल असतो, सूज बाहेरून दिसत नाही, तुकडा हाताला लागत नाही. दुखतं ते जांघेत, आणि कधीकधी चक्क गुडघ्यात. मग गुडघ्याचे एक्स-रे होतात, गुडघ्याचा एमआरआय होतो, सगळं ठीक निघतं आणि माणूस हैराण होतो. गुडघा दुखतोय पण गुडघ्यात काही सापडत नाही अशी परिस्थिती असेल तर 'खुबा तपासून बघता का?' असं जरूर विचारा. झोपवून, गुडघा वाकवून, पाय आतल्या बाजूला फिरवताना जांघेत कळ आली किंवा पाय कमी फिरला, तर संशय खुब्यावर जातो.

पायरी ४: साधा एक्स-रे

इथे घाई करून थेट एमआरआय करून घेण्याचा मोह होतो. माझं ठाम मत आहे की साधा एक्स-रे आधी व्हावा. तो सोपा आहे, लगेच होतो, आणि कॅल्शियम दाखवण्यात एमआरआयपेक्षा सरस आहे. शिवाय पुढच्या एमआरआयचा अर्थ लावताना तो शेजारी लागतोच.

गुडघ्यासाठी एकच फिल्म पुरत नाही. समोरून, शक्यतो उभं राहून काढलेली. बाजूने काढलेली. वाटीची वरून काढलेली. आणि गुडघा वाकवून, दोन हाडांमधली खाच दिसेल अशी काढलेली. सुटे तुकडे जिथे मोकळी जागा मिळेल तिथे जातात: वाटीच्या वरचा कप्पा, मागची बाजू, मधली खाच. एका कोनातून लपलेला तुकडा दुसऱ्या कोनातून दिसतो.

नमुनेदार चित्र असं असतं. सांध्याच्या पिशवीच्या हद्दीत पुष्कळ गोलसर तुकडे, साधारण एकाच आकाराचे, कडेने कॅल्शियमची कडी किंवा कमान धरलेले. हाडांमधलं अंतर अजून चांगलं राखलेलं, झीज फारशी नाही. वय कमी, झीज नाही आणि तुकडे मात्र पुष्कळ, असं जमून आलं की निदान जवळजवळ समोर येऊन उभं राहतं.

पण एक्स-रे साफ असला म्हणजे आजार नाही असं समजू नका. निरनिराळ्या अभ्यासांत ५ ते ३० टक्के रुग्णांच्या एक्स-रेवर कॅल्शियम दिसलेलं नाही. निव्वळ कूर्चा एक्स-रेला दिसत नाही. अशा वेळी आडून खुणा बघाव्या लागतात: पिशवी फुगल्यासारखी दिसणं, खुब्यात हाडांमधलं अंतर उलट वाढलेलं असणं, आणि हाडाच्या कडेला बाहेरून दाब पडून झालेले खळगे. खुबा घट्ट सांधा असल्याने तिथे हे खळगे जास्त दिसतात. कधी मांडीच्या हाडाची मान सगळ्या बाजूंनी कोरली जाऊन बारीक होते, आणि मग ती मोडण्याचीही भीती असते.

पायरी ५: सोनोग्राफी, हवी तिथेच

सोनोग्राफीत पाणी, जाड झालेलं अस्तर आणि वरवरचे तुकडे दिसतात. सांधा हलवत असताना तुकडा सरकतोय का हे बघता येतं, आणि सुईने पाणी काढायचं असेल तर नेमकी जागा मिळते. खोलवरचं आणि हाडामागचं मात्र तिला दिसत नाही. सोनोग्राफी साफ आली म्हणून तपास थांबवू नये.

पायरी ६: एमआरआय आणि सीटी, प्रत्येकाचं काम वेगळं

एमआरआय कूर्चा, अस्तर, गादी, लिगामेंट आणि हाडातली सूज दाखवतो. एक्स-रे साफ असताना संशय असेल तर हीच पुढची तपासणी. पण तिच्यात एक मेख आहे आणि ती रुग्णाला माहीत असलेली बरी. कॅल्शियम न धरलेली कूर्चा टी-टू प्रकारच्या चित्रात पांढरी चमकते, आणि सांध्यातलं पाणीही पांढरंच चमकतं. त्यामुळे कूर्चेच्या गाठींनी भरलेला सांधा वरवर पाहता 'सांध्यात पाणी' म्हणून निघून जाऊ शकतो. बारकाईने बघितलं तर आत कप्पे आणि गोलसर उंचवटे दिसतात, सगळं एकसारखं सपाट पाणी नसतं. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं औषध) दिलं तर गाठींच्या कडा आणि मधले पडदे उजळतात, पाणी उजळत नाही, आणि शंका मिटते.

गाठींनी कॅल्शियम धरलं असेल तर पांढऱ्या भागात काळे ठिपके दिसतात, हे सर्वात जास्त दिसणारं रूप. गाठीचं हाड झालं असेल तर काळ्या कडेच्या आत हाडाच्या मगजासारखी चरबी दिसते. एकाच सांध्यात ही रूपं एकत्रही सापडतात.

म्हणून एमआरआयच्या फॉर्मवर 'गुडघेदुखी' एवढंच लिहून जाऊ नये. 'सांधा अडकतो, सुट्या तुकड्यांचा किंवा सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिसचा संशय' असं डॉक्टरांनी लिहिलेलं असावं, आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत. रेडिओलॉजिस्टला काय शोधायचं हे माहीत असलं की तो योग्य प्रकारची चित्रं घेतो. पेसमेकर किंवा शरीरात इतर धातूचं उपकरण असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गर्भ राहिलेला असेल, तर हे आधीच सांगा. त्यावरून एमआरआय, कॉन्ट्रास्ट आणि सीटी यांचे निर्णय बदलतात.

सीटी स्कॅनचं काम मोजणीचं आणि नकाशाचं. बारीक कॅल्शियम, तुकड्यांची नेमकी जागा आणि हाडातले खळगे त्यात सर्वात स्वच्छ दिसतात. खुब्यात, कोपरात आणि जबड्यात ऑपरेशनची आखणी करताना सर्जन तो मागतात ते यासाठी. पण त्यात किरणोत्सर्ग असतो आणि अस्तराबद्दल तो कमी सांगतो. तेव्हा दोन्ही तपासण्या एकदम करून घेण्यापेक्षा 'या तपासणीच्या निकालाने काय ठरणार आहे?' हे विचारून एकेक करणं मला योग्य वाटतं.

पायरी ७: रक्त आणि सांध्यातलं पाणी

या आजाराची म्हणून रक्ताची कोणतीही तपासणी नाही. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या चाचण्या, आमवाताच्या चाचण्या, युरिक अ‍ॅसिड हे सगळं दुसरे आजार बाजूला काढण्यासाठी केलं जातं, आणि इथे ते बहुधा नॉर्मल येतं. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही नाही तुम्हाला' हे वाक्य या आजाराच्या माणसांना वर्षानुवर्षं ऐकावं लागतं, आणि ते ऐकून गप्प बसलेल्यांबद्दल मला फार वाईट वाटतं. अडकणारा सांधा हा पुरावाच आहे. रक्त त्याला खोटं पाडत नाही.

सुईने काढलेल्या पाण्यात पेशी मोजतात, स्फटिक बघतात आणि जंतूंची वाढ होते का ते तपासतात. सूज एकाच सांध्यात दीर्घकाळ रेंगाळलेली असेल तर क्षयरोगाच्या तपासण्याही सांगाव्यात. पाणी रक्ताळलेलं निघालं तर पुढच्या पायरीतल्या एका आजाराची आठवण ठेवावी लागते.

पायरी ८: सारखे दिसणारे आजार वेगळे काढा

सर्वात मोठा गोंधळ दुय्यम प्रकाराशी होतो. झिजेचा संधिवात, जुना मार, रक्तपुरवठा तुटून सुटलेला हाडाचा तुकडा, अशा कारणांनी टवके उडतात आणि द्रावात वाढतात. अस्तराचा त्यात मूळ दोष नसतो. इथे तुकडे थोडे असतात, लहानमोठे असतात, आणि सांध्यात झीज किंवा तुकडा निघालेला खड्डा दिसतो. मूळ प्रकारात तुकडे पुष्कळ आणि एकसारखे. मात्र मूळ आजार बरीच वर्षं राहिला की त्यानेही झीज होते, आणि मग चित्र गढूळ होतं. अशा वेळी जुने एक्स-रे सोन्यासारखे ठरतात. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तुकडे आहेत पण झीज नाही, असं दिसलं तर कोण आधी आलं हे कळतं. जुन्या फिल्म फेकू नका.

गुडघ्याच्या मागे बाहेरच्या बाजूला अनेकांना फाबेला नावाचं छोटंसं जास्तीचं हाड असतं. बाजूच्या एक्स-रेवर ते सुट्या तुकड्यासारखंच दिसतं. ते एकटं असतं, ठरलेल्या जागी असतं, आणि फिल्म पुन्हा काढली तरी तिथेच असतं. त्याच्यासाठी कुणाचं ऑपरेशन होऊ नये.

कूर्चेत कॅल्शियमचे स्फटिक साठण्याचा आजार वयस्कर माणसांत दिसतो. त्यात पांढरी रेघ हाडाच्या टोकाच्या कूर्चेत आणि गादीत असते, सुटे गोळे नसतात.

टीनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर, ज्याला पूर्वी पीव्हीएनएस म्हणत, हाही अस्तराचाच आजार आणि तोही एका सांध्यात. त्यात वारंवार रक्त झिरपतं, पाणी रक्ताळलेलं निघतं आणि लोहाचे डाग साठतात. एमआरआयच्या ग्रेडियंट इको प्रकारात हे डाग काळे आणि फुगलेले दिसतात. आता अडचण अशी की कॅल्शियमही त्या चित्रात काळंच दिसतं. इथे शेजारी ठेवलेला साधा एक्स-रे निकाल देतो: त्यावर कॅल्शियम असेल तर कौल कॉन्ड्रोमॅटोसिसकडे, कारण दुसऱ्या आजारात ते क्वचितच असतं. एक्स-रे आधी काढा असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळेही.

आमवातात आणि क्षयरोगात सांध्यात बारीक दाणे तयार होतात, त्यांना राइस बॉडीज म्हणतात. ते कूर्चेचे नसतात, कॅल्शियम धरत नाहीत, आणि टी-टू चित्रात कूर्चेइतके चमकत नाहीत. इतर सांधे, ताप, रक्त आणि पाण्याची तपासणी यांनी हा प्रश्न सुटतो.

आणि शेवटी कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग. सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिसचं त्यात रूपांतर होणं दुर्मिळ आहे, पण होतं. गाठ झपाट्याने वाढणं, वेदना अचानक तीव्र होणं, ऑपरेशननंतर लवकर आणि पुन्हा पुन्हा उद्भवणं, हाडाच्या मगजात घुसणं, सांध्याच्या पिशवीबाहेर पसरणं, यांपैकी काही असेल तर हाडांच्या गाठींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांकडे आधी जावं आणि मगच सुई किंवा चाकू लागावा. चुकीच्या वाटेने घेतलेली बायॉप्सी पुढचं ऑपरेशन अवघड करून ठेवते.

पायरी ९: दुर्बीण आणि पॅथॉलॉजी

दुर्बिणीतून सांधा बघताना पांढरे चकचकीत तुकडे द्रावात तरंगताना दिसतात, सर्जन त्याला हिमवादळाचं दृश्य म्हणतात. पण निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते अस्तर. फक्त तुकडे पाठवले तर पॅथॉलॉजिस्टला ते अस्तरातून आले की हाडावरून उडाले हे सांगणं कठीण जातं. अस्तराचेही नमुने, एकाहून अधिक जागांचे, पाठवले जाणार आहेत का हे ऑपरेशनपूर्वी विचारून घ्या.

सूक्ष्मदर्शकाखाली मूळ प्रकारात कूर्चेच्या पेशी झुबक्यांनी दिसतात, मोठ्या केंद्रकांच्या, कधी दोन केंद्रकांच्या. दुय्यम प्रकारात मधल्या टवक्याभोवती कूर्चेची एकावर एक शिस्तीत वलयं चढलेली असतात आणि पेशी सारख्या विखुरलेल्या असतात. मूळ प्रकारातल्या पेशी एवढ्या बेशिस्त दिसू शकतात की संदर्भाशिवाय बघितल्या तर त्या कर्करोगाच्या वाटाव्यात. यासाठी पॅथॉलॉजिस्टला एक्स-रे आणि एमआरआयसुद्धा दाखवायलाच हवेत. नमुन्यासोबत फक्त 'गुडघ्यातले तुकडे' अशी चिठ्ठी जाणं धोक्याचं आहे. रिपोर्टवर कर्करोगाची शंका आली आणि चित्रं मात्र सौम्य आजाराची असतील, तर स्लाइड दुसऱ्या, हाडांच्या गाठींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. असं दुसरं मत मागण्यात कुणाचाही अपमान नाही.

पायरी १०: निदानाच्या कागदावर काय असावं

'लूज बॉडीज, गुडघा' एवढ्यावर समाधान मानू नका. सांधा कोणता, प्रकार मूळ की दुय्यम, अवस्था कोणती, म्हणजे अस्तर अजून सक्रिय आहे का, हाडात खळगे आहेत का, हाडावरची कूर्चा किती शिल्लक आहे, आणि सांध्याबाहेर बर्सा (सांध्याजवळची द्रावाची छोटी पिशवी) किंवा स्नायूबंधाच्या आवरणात तुकडे आहेत का, हे सहा मुद्दे लिहिलेले असावेत. अस्तर सक्रिय असेल तर तुकड्यांबरोबर अस्तरही काढायचं का याचा विचार होतो. ते शांत असेल तर फक्त तुकडे काढून भागू शकतं. त्रास अजिबात नसेल, योगायोगाने सापडलं असेल, तर नुसती नजर ठेवण्याचाही पर्याय डॉक्टर देऊ शकतात.

ऑपरेशन झालंच तर बरं वाटू लागल्यावर एक एक्स-रे काढून तारखेसह जपून ठेवा. पुढे कधी सांधा पुन्हा अडकला तर नवी फिल्म या फिल्मशेजारी ठेवूनच ठरवता येतं की हा राहून गेलेला जुना तुकडा आहे की आजार परत आलाय. पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले नमुने) कुठे ठेवले आहेत आणि ते किती वर्षं ठेवले जातात, हेही त्याच दिवशी फाइलवर लिहून घ्या.